खरवंडीकरांचं बारावं चित्र

नाटककार निशिकांत खरवंडीकरांची अकरा चित्रं मी जमवली होती. सगळी डाव्या बाजूने काढलेली. उजव्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता, त्यामुळे ते कुठल्याच चित्रकारापुढे सरळ तोंड करून बसले नाहीत. आता त्यांच्या शताब्दी ग्रंथाचं हे काम सिंगापुरात बसून मीच का करावं? एक तर ऑफिसात मी चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर लिहिते, आणि दुसरं म्हणजे इथल्या मराठी मंडळाच्या सभेत हात वर करायची मला खोड आहे.

बारावं चित्र सिंगापुरातच, हौगांग भागात निघालं, मंडळातल्या राधिकाकाकूंच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्या यजमानांनी, मनोहर दाभोळ्यांनी काढलेलं. सिंगापूरला येण्याआधी ते मुंबईत नाटकांचे पडदे रंगवायचे. कॅनव्हासच्या मागे खुद्द नाटककारांची सही, तारखेसकट. पण चेहरा समोरून.

मुंबईच्या संपादकांनी फोनवरच उडवून लावलं. "समोरून? शक्यच नाही. सही बनावट असणार. पडदे रंगवणाऱ्यापुढे ते कशाला बसतायत!"

फोन स्पीकरवर होता. काकूंनी सगळं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

"जान्हवी, जन्मभर लोक ह्यांना पेंटरच म्हणाले गं," काकू म्हणाल्या. "एकदा चित्रकार म्हणून नाव छापून येऊ दे. मी ब्याऐंशीची. किती थांबू?"

"कसं येत नाही तेच बघते, काकू!"

मी जुने फोटो मागितले. अनीशच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, औक्षणाचे निघाले. एक ते एकवीस, सगळे वाढदिवस. औक्षण पूर्वेकडे तोंड करूनच व्हायचं, म्हणून पाट दरवर्षी त्याच जागी आणि मागे दरवर्षी तेच चित्र.

पहिल्या फोटोतला चेहरा डाव्या बाजूचा होता. थेट बाकीच्या अकरांसारखा.

पाचव्यात दुसऱ्या डोळ्याची पापणी दिसत होती. बाराव्यात दुसरा डोळा. एकविसाव्यात डाग. कॅमेरा सरकला असेल म्हणून मी शेजारच्या खिडकीचे गज मोजले. ते जिथल्या तिथे होते. मग भिंग घेऊन चित्रच तपासलं. रंगावर रंग कुठेही चढवलेला नव्हता.

"काकू, हे चित्र..."

"वळतं ना? सावकाश वळतं." काकू मटार सोलत होत्या. "अनीशला बोललो नाही कधी. घाबरला असता पोर."

मी एकविसावा फोटो पालथा ठेवला. पहिला फोटो स्कॅन केला, ‘समोरून म्हटलं ती माझीच चूक’ असं लिहून तारखेसह संपादकांना पाठवला आणि बाकीचे वीस पाकिटात घालून ठेवले. तीन आठवड्यांनी संपादकांची मेल आली. माफी मागितली होती, चक्क! पहिल्या फोटोतलं चित्रच छापणार होते. जिंकलो! मी ऑफिसात ओरडलेच.

प्रकाशन इथल्याच मरीन परेडच्या हॉलमध्ये झालं, रविवारी सकाळी. ऐंशी माणसं, प्रत्येकाच्या हातात ग्रंथ. बारावं पान: डाव्या बाजूचा चेहरा, खाली ‘चित्रकार: मनोहर दाभोळे’. काकूंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि त्या ढसाढसा रडल्या. मीही रडले, लाज कसली त्यात!

मग त्यांना मंचावर बोलावलं. त्या उठल्या, ताठ मानेने डावीकडून उजवीकडे चालत गेल्या. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

माझ्या मांडीवर पान उघडं होतं.

काकू चालत होत्या, तसा तो चेहरा वळत होता.

शेजारी बसलेल्या, मंडळातल्या मीनलने माझा दंड घट्ट धरला. तिचंही पान उघडंच होतं.

टाळ्या थांबल्या. काकू बोलायला लागल्या. हॉलमध्ये कुणीही पान उलटत नव्हतं.