केसरीनाथसरांच्या राहिलेल्या दुरुस्त्या

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दापोड्यातल्या एका मालवाहतूक कंपनीत खोलीभर मोठा संगणक होता, मेनफ्रेम. सन दोन हजार लागल्यावर त्याच्या तारखा चुकू नयेत म्हणून त्याआधी त्यात अकरा दुरुस्त्या बसवायच्या होत्या. किती बसल्या, किती राहिल्या, याची यादी काढायला शैला रविवारी दुपारी तिथं आली.

हे काम मूळचं केसरीनाथसरांचं. शैलाला मशीन शिकवलं तेही त्यांनीच. गणपतीच्या दिवसांत अंबाडीजवळ ट्रकनं त्यांना उडवलं, तेव्हा चारच दुरुस्त्या झाल्या होत्या. आता मोठे साहेब म्हणत होते, "केसरीनाथनं टाळाटाळ केली, असं लिहून टाका अहवालात." आणि त्या अहवालाखाली सही करायची होती शैलानं.

बाळाराम वॉचमननं कुलूप काढलं, पण आत पाऊल टाकलं नाही.

"ताई, आतमदी कोनी न्हाय... पन टायपिंगचा आवाज येतो."

"मशीनचा असेल, काका."

"मशीन मदीच थांबून इचार करतं का?"

खोलीला खिडकी नव्हती. एसीची गुरगुर, तापलेल्या तारांचा वास, आणि त्यात मिसळलेला लवंगेचा. सरांच्या दाढेखाली सदा लवंग असे.

शैलानं यादी मागवली. प्रिंटर खडखडू लागला. चार नव्हे, दहा ओळी! शेवटच्या सहा ऑक्टोबरातल्या. बसवणाऱ्याचं नाव दहाही ओळींत एकच: केसरीनाथ. सर गेल्यावर त्यांचं मशीनवरचं खातं तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं.

दाराकडे धाव घ्यावी असं वाटलं. पण रिकाम्या खुर्चीकडे पाहता पाहता तिला भरून आलं. मेल्यावरही या माणसाच्या जिवाला उसंत नव्हती.

"सर..." ती पुटपुटली, "तुम्ही टाळाटाळ केली, असं मी लिहिणार नाही. राहिलेली एक मी बसवते. तुम्ही... जा आता. दमलात."

लवंगेचा वास हळूहळू विरला.

अकराव्या दुरुस्तीची टेप तिनं कपाटातून काढली, तोच मागं प्रिंटर खडखडला. फक्त एकदा.

कागदावर अकरावी ओळ उमटली होती. दुरुस्ती बसली. बसवणाऱ्याचं नाव: शैला.

टेप अजून तिच्या हातातच होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत कीबोर्डवरचं एक दाबलेलं बटण हलकेच वर आलं...