छापेचं कडवं

बोरीच्या बसथांब्यासमोर चहाचं हॉटेल आहे. तिथलं भिंतीकडचं बाकडं महारुद्राचं. तसं कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सकाळी तो आला की बसलेली माणसं आपसूक उठायची. शाहिराचं बाकडं म्हणायची. एवढ्याशा मानावर माणूस किती वर्षं काढू शकतो, ते महारुद्राकडं बघून कळावं.

उभा जन्म त्यानं डफ बडवला. लग्नं झाली, जत्रा झाल्या, प्रचारसभा झाल्या, सरकारी कलापथकं झाली. कलापथकात त्याचा हातखंडा विषय म्हणजे अंधश्रद्धा. भूत, भानामती, करणी यांची तो अशी टर उडवायचा की समोर बसलेले देवऋषीही मान खाली घालून हसायचे. गाणी स्वतःची, चाली स्वतःच्या. बदल्यात नारळ, शाल आणि भाषणात ‘आपल्या मातीतला हिरा’. या हिऱ्याला घरी जायला मात्र एसटीत उभं राहूनच जावं लागे.

त्या सकाळी हॉटेलवाल्याच्या मोबाइलवर त्याचंच गाणं लागलं होतं.

*पऱ्हाटी फुटली बांधाला गं, चांदणं सांडलं रानात…*

मराठवाड्यात ते गाणं आता लहान पोरांच्याही तोंडात होतं. आवाज मात्र नचिकेतचा. हा परभणीचा शिकलेला पोरगा, पायात पांढरे बूट. उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन बोरीला आला, महारुद्राच्या ओसरीवर बसून गाणं शिकला आणि स्वतः गाऊन त्यानं ते मोबाइलवर टाकलं. काम त्यानं विचारूनच केलं होतं. एकच गोष्ट जरा चाचरत विचारली होती.

“काका, शेवटचं कडवं सोडलं तर चालेल का? लोक तेवढा वेळ थांबत नाहीत.”

शेवटचं कडवं छापेचं. जुन्या रिवाजाप्रमाणे गाणं रचणारा शेवटी आपलं नाव घालतो, ती त्याची छाप. या गाण्याची छाप अशी होती: *बोरीचा महारुद्र सांगतो, नाव माझं ठेवा ध्यानात.*

महारुद्राचे गुरू मार्तंडबुवा छापेच्या बाबतीत फार कडक. छाप म्हटल्याशिवाय डफ खाली ठेवायचा नाही, मग मांडव पेटला तरी. “बिगर छापेचं गाणं मोकाट सुटतंय,” म्हणायचे, “मग ते आपला मालक हुडकत फिरतंय.” बुवांच्या माघारी महारुद्र या बोलण्याची नक्कल करून लोकांना हसवायचा.

म्हणून तो नचिकेतला हसत हसत म्हणाला होता, “सोड की मग! लोकाला गाणं पायजे. नावाचं काय लोणचं घालायचंय?”

आता हॉटेलात गाणं संपलं आणि शेवटच्या ओळीच्या जागी नुसती डफाची थाप आली. दोन थापा, आणि शांतता. महारुद्राला वाईट वाटलं. वाईट कसलं, रागच आला. चहा घेऊन तो बाकड्याकडं वळला, तर तिथं एक गाववालाच बसलेला. रोजचा ओळखीचा. तो जागचा हलला नाही.

“बसा की काका, तिकडं जागा हाय,” तो म्हणाला. “कोण्या गावचे म्हनायचे?”

महारुद्राला वाटलं, चेष्टा करायलाय. पण त्या माणसाचा चेहरा चेष्टेचा नव्हता.

पुढच्या आठवड्यात राणीसावरगावच्या जत्रेत दुपारचा कार्यक्रम होता. झील धरायला, म्हणजे मागून ओळ उचलायला, नेहमीप्रमाणे त्याचा जुना साथीदार सिद्धोधन. दोघं एकमेकांच्या आवाजात म्हातारे झालेले. निवेदकानं माइक घेतला आणि तोंड भरून सुरुवात केली, “आता आपल्यापुढं येत आहेत आपले सर्वांचे लाडके शाहीर…” आणि थांबला. वर बघितलं, खाली बघितलं, ओठ हलवले. “…शाहीर!” असं जोरात म्हणून त्यानं टाळ्या घेतल्या.

महारुद्र मनात म्हणाला, बघतोच आता. यांच्या कानात छाप ठोकूनच खाली उतरतो. अर्ध्या कार्यक्रमात बायका ओरडल्याच, “पऱ्हाटीचं म्हना!” त्यानं गाणं असं चढवलं की मांडवाच्या कडेला उभी असलेली माणसं पुढं सरकली. छापेचं कडवं आलं. बोटं डफावर बरोबर पडत होती.

“बोरीचा…”

पुढचा शब्द मनात स्पष्ट होता. अक्षर न् अक्षर दिसत होतं. पण जीभ टाळूला लागली ती सुटेचना. डफाच्या दोन थापा वाजल्या, आणि पुढची ओळ आपोआप तोंडातून बाहेर पडली, “…सांगतो, नाव माझं ठेवा ध्यानात.”

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणाला काहीच खटकलं नाही. उतरताना एक बाई कौतुकानं म्हणाली, “त्या परभनीवाल्याचं गानं लय झ्याक म्हनता की तुमी.”

बस येईपर्यंत दोघं लिंबाच्या सावलीत बसले.

“वस्ताद, छाप कामून गिळली?” सिद्धोधन म्हणाला.

“घसा धरला. तू म्हन बरं एकदा.”

“त्यात काय?” सिद्धोधननं खाकरून सूर लावला. “बोरीचा…” पुन्हा लावला. “बोरीचा…” त्याच्या कपाळावर घाम आला. महारुद्राकडं तो टक लावून बघायला लागला, बाजारात अनोळखी माणसाकडं बघावं तसा.

“तोंडावर हाय,” तो हळूच म्हणाला. “पर येईना.”

बसमध्ये सिद्धोधन दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

महारुद्रानं भानामतीवर इतकी गाणी रचली होती की आता घाबरायचीही त्याला लाज वाटली. वय झालं, घसा बसला, लोक नालायक झाले, अशी सगळी कारणं त्यानं स्वतःला सांगून बघितली. शेवटी त्यानं नचिकेतला फोन लावला आणि पहिल्या वाक्यालाच शिवी हासडली.

नचिकेतनं ती ऐकून घेतली. मग पडेल आवाजात म्हणाला, “काका, मी तुम्हालाच फोन करणार होतो. पण तुमचा नंबर कोणत्या नावानं ठेवलाय तेच आठवेना.”

“का करनार होतास?”

“लोक मला महारुद्र म्हणायला लागलेत. आधी वाटलं, गाण्यामुळं लाडानं म्हणत असतील. पण काल आईनं हाक मारली, ‘महारुद्र, जेवायला ये.’ मी म्हटलं, आई, असं काय म्हणतेस? तर ती रडायलाच लागली. म्हणाली, बारशाला मीच ठेवलंय की तुझं नाव. काका, घेऊन जा ना हे परत.”

महारुद्राचं डोकं हिशोबी. चूक जिथं झाली तिथंच दुरुस्त करायची. कडवं कापलं म्हणून झालंय, तर कडवं जोडायचं.

“गुरुवारी माझ्या नातीची, वैष्णवीची हळद हाय,” तो म्हणाला. “सकाळीच ये. साऱ्या गावासमोर आख्खं गानं म्हन, छापेसकट. तुझ्याच तोंडानं.”

आणखी एक आधार त्याला होता. त्याची बायको धुरपताबाई. तिच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. ‘अवो’, ‘आमचे मालक’, फार तर मुलाच्या नावानं ‘जीवनचे वडील’. लग्नात उखाण्यात घेतलं असेल आणि पुढं एखाद्या कार्यात, बायका हटून बसल्या तर. गावानं ते नाव वापरून वापरून झिजवलं होतं. तिनं ते ट्रंकेतल्या शालूसारखं जपून ठेवलं होतं. हळदीत बायका म्हाताऱ्यांना नाव घ्यायला लावणारच. त्या एका तोंडात तरी आपण शाबूत असू, असं त्याला वाटायचं आणि भडभडून यायचं. इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून काही ऐकावंसं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं.

गुरुवारी अंगणात मांडव भरला. वैष्णवी पाटावर पिवळीधमक बसलेली. नचिकेत आला, तोंड उतरलेलं, बूट मात्र तेच पांढरे. महारुद्रानं स्वतःचा डफ त्याच्या हातात दिला.

पोरगं गायला लागलं. खरं सांगायचं तर चांगलंच गायलं. शेवटचं कडवं आलं, तशी महारुद्रानं पागोटं सारखं केलं.

“बोरीचा महारुद्र सांगतो…”

आवाज खणखणीत. एकही अक्षर अडलं नाही. मांडवभर ते नाव घुमलं आणि महारुद्राचे डोळे भरून आले. आलं. परत आलं.

नचिकेतनं डफ खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती. कसली भीती होती, तेही आता त्याला आठवत नसावं.

बायकांनी गिल्ला केला, “आजी, नाव घ्या! नाव घेतल्याबिगर हळद लावायची न्हाई!”

धुरपताबाईनं डोक्यावरचा पदर ओढला. नव्या नवरीसारखी लाजली.

“हळदीच्या पाटावर नात बसली गोरी,” ती म्हणाली, “महारुद्ररावांमुळं गाजली बोरी!”

नाव तिनं बरोबर घेतलं. अगदी बरोबर.

पण तिची नजर पागोट्याकडं नव्हती. डफाशेजारच्या पांढऱ्या बुटांकडं होती.

“ओ!” महारुद्र हसून म्हणाला, आणि पांढरे बूट काढून ठेवून ओसरीवर यजमानाच्या जागेवर जाऊन बसला. हळद लावायला त्याचाच हात पहिला पुढं झाला. “आबा, गालाला लय नका लावू,” वैष्णवी म्हणाली.

कुणी हसलं नाही. कुणी चमकलं नाही.

मांडवाच्या खांबाशी पागोटं घातलेला एक म्हातारा उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं. धुरपताबाईचं लक्ष गेलं तशी ती पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः त्याच्याजवळ आली.

“बसा पाव्हणं, उन्हाचे आलात जनू,” ती मायेनं म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना घ्यावा तसा पदर तिनं आणखी पुढं घेतला. “वळख लागली न्हाई. नाव काय म्हनलात?”

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. ओठ हलवले.

मग बोटांनी तांब्यावर दोन थापा मारल्या.