जाऊन आलेल्यांची शिफारस

शिरूर कासारच्या बसस्टँडसमोर उज्ज्वलाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. दुकान कसलं, आठ बाय दहाचा गाळा. त्यात दोन मशिनं आणि एक पंखा, आणि मे महिन्यात त्या पंख्यानेही मान टाकलेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मोबाइल घेऊन ‘पाणी-चारा’ ग्रुप चाळत बसायची. हा ग्रुप तिनेच काढला होता. चार हजारांवर मेंढपाळ त्यात होते. कुठल्या तळ्यात पाणी उरलंय, कुठलं रान मोकळं झालंय, हे ते एकमेकांना कळवायचे. कुणीही काही टाकलं तरी ते आधी उज्ज्वलाच्या मंजुरीच्या रांगेत येऊन थांबायचं.

ग्रुपचे नियम तिने शाळेतल्या बाईंच्या कडकपणाने लिहिले होते. बाहेरच्या लिंका टाकायच्या नाहीत. औषधांची जाहिरात करायची नाही. तिसरा नियम सर्वात मोठ्या अक्षरात होता. पाण्याची शिफारस करायची तर स्वतः जनावरं पाजून, माघारी आल्यावरच करायची, आणि फोटो लावायचा. तिघांनी अशी शिफारस केली की त्या जागेपुढे हिरवी खूण लागायची. खात्रीचं पाणी.

या नियमामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेल्या तलावाच्या व्हिडिओची लिंक टाकली होती. सुंदरबाई नावाची म्हातारी त्यावर भरवसा ठेवून दोन दिवस कळप घेऊन चालली, आणि तिथे पोचल्यावर तिला भेगाळलेली जमीन दिसली. नंतर ती उज्ज्वलाच्या दुकानात आली. मेलेल्या कोकराच्या गळ्यातली घंटी तिने काउंटरवर ठेवली आणि निघून गेली. ती घंटी अजून उज्ज्वलाच्या खणात होती. तिचा स्वतःचा धाकटा भाऊ म्हाळू ऐंशी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. बाप गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता, पुढचं सगळं उज्ज्वलाने केलं. नियम लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे खरं तर तोच होता.

तर मेच्या पहिल्या सोमवारी बबनरावांची पोस्ट रांगेत आली. बबनराव आष्टीकडचे जुने मेंढपाळ, तोलूनमापून बोलणारा माणूस. कडा गावाच्या पुढे डोंगरात चढावं लागतं, असं सांगून त्यांनी जागेचं लोकेशन दिलं होतं. फोटोत काठोकाठ भरलेलं तळं होतं. अलीकडे दगडी काठ, पलीकडे पांढरी माती आणि एकच हिवराचं झाड. खाली लिहिलं होतं, “पाणी गोड आहे. जनावर पोटभर पितं. मी जाऊन आलो.”

मे महिन्यात इतकं पाणी बघून उज्ज्वलाला बरं वाटलं. नकाशावर त्या जागी तपकिरी रंगाशिवाय काही नव्हतं, पण नकाशावर निम्मी तळी नसतातच. तिने पोस्ट मंजूर केली.

शुक्रवारी सिदू नावाच्या मेंढपाळाने त्याच पाण्याची शिफारस केली. पुढच्या मंगळवारी भल्या सकाळी हरिओमची आली. दोघेही ग्रुपवरचे नेहमीचे. तीन झाल्या. नियम म्हणजे नियम, उज्ज्वलाने हिरवी खूण लावली आणि चहा टाकला.

शेजारच्या गाळ्यात जावेद मोटारसायकली दुरुस्त करायचा. ग्रुप सांभाळायला तो तिला मदत करी. माणूस चिकित्सक, स्क्रूसुद्धा वास घेऊन बसवेल असा. दुपारी हाताचं ऑइल पुसत तो आला आणि तिन्ही पोस्टी, फोटोंखालच्या वेळांसकट, शेजारी शेजारी ठेवून बघत बसला. तिघांचे शब्द एकच होते, काना-मात्रेचाही फरक नव्हता. उज्ज्वला म्हणाली, एकाचं बघून दुसरा लिहितो, लोकांना लिहायचा कंटाळा असतो. जावेदने ते मान्य केलं. मग त्याने हिवराच्या झाडावर बोट ठेवलं.

“ताई, एक फोटो सकाळचा, एक संध्याकाळचा. मग सावली कावून हलली न्हाई?”

तिने फोटो मोठा केला. सावली तीच होती, झाडाच्या बुडाशी गोळा झालेली, भर दुपारची. आणि मग तिला आणखी काहीतरी दिसलं. बबनरावांच्या फोटोत पलीकडचा काठ रिकामा होता. सिदूच्या फोटोत तिथे एक माणूस उभा होता. पाठमोरा, डाव्या खांद्यावर घोंगडी, पायाशी कुत्रं. हरिओमच्या फोटोत दोन माणसं होती.

पाण्यावर माणसं असायचीच, त्यात काय. पण त्या पहिल्या माणसाच्या घोंगडीला मधोमध लाल ठिगळ होतं. बबनरावांचा ग्रुपवरचा फोटो उज्ज्वलाने शंभरदा पाहिलेला. त्यातल्या घोंगडीला असंच लाल ठिगळ होतं.

तिने बबनरावांना फोन लावला. त्यांनी उचलला, ख्यालीखुशाली विचारली, पाणी गोड आहे म्हणाले. आवाज त्यांचाच. घरी कधी आलात म्हणून विचारलं, तर झाला की आठवडा, म्हणाले. उज्ज्वलाला स्वतःचंच हसू आलं. ती फोन ठेवणार तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला. ती त्यांची सून, धनश्री. फोन घेऊन ती बाहेर आली असावी, कारण मेंढरांचा आवाज जवळ आला.

“ताई, मामंजी तसे बरे हायेत,” ती हळू बोलत होती. “जेवतात, झोपतात. पण मेंढरं त्यांच्याजवळ येईनात. हाळी घातली तरी मान वर करत न्हाईत. चाळीस वर्षं त्यांच्या हाळीवर चालली ही जित्राबं.”

उज्ज्वलाने कुत्र्याबद्दल विचारलं. का विचारलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“कुत्रं माघारी आलंच न्हाई,” धनश्री म्हणाली.

फोन ठेवताच उज्ज्वलाने तिन्ही पोस्टी काढून टाकल्या. मोठ्या अक्षरात सूचना लावली, की या पाण्यावर कुणी जाऊ नये. मग तिने म्हाळूचा नंबर काढला, आणि तिथे सकाळी नऊचा त्याचा आवाजी संदेश न ऐकता पडून होता.

“ताई, आमच्याकडचं पाणी संपलं. तुझ्या ग्रुपवर खात्रीचं दिसलं. तिकडंच वळतो आता. पुढं रेंज न्हाई, काळजी करू नको.”

हिरवी खूण तिने आठ वाजता लावली होती.

ते दोन दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. दर पाच मिनिटांनी फोन, आणि दर वेळी तीच बाई सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. दुकानात लोक फॉर्म घेऊन यायचे, ती एकाचं नाव दुसऱ्याच्या फॉर्मवर टाकायची. आईला, सारजाबाईला, तिने काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय होती?

तिसऱ्या दिवशी दुपारी म्हाळू आला.

गल्लीच्या तोंडाशी घंट्यांचा आवाज ऐकून उज्ज्वला अनवाणीच पळाली. धूळ उडवत कळप आला, मागून म्हाळू. तिनेच बीडच्या बाजारातून आणलेला निळा टी-शर्ट, हनुवटीवर लहानपणीची खूण, सगळं जिथल्या तिथे. तिने त्याला एक धपाटा घातला आणि मग डोळे पुसले. सारजाबाईंनी भाकरी थापायला घेतल्या. त्याने चार खाल्ल्या, ठेचा मागून घेतला, आईची चेष्टा केली. उज्ज्वलाला वाटलं, आपणच वेड्यासारखं करत होतो.

भुऱ्या कुठाय, तिने विचारलं. भुऱ्या त्याचा कुत्रा.

“राहिला तिकडं,” म्हाळू म्हणाला. “यील की.”

हात धुऊन तो मेंढवाड्याकडे गेला, मेंढरं पाण्यावर घ्यायला. जीभ टाळ्याला लावून, हाताची ओंजळ तोंडाशी धरून तो हाळी द्यायचा, ती गावात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. त्याने ती दिली. अगदी तशीच. ऐंशी मेंढरांतल्या एकीनेही मान वर केली नाही. तो जवळ गेला तशी ती सगळी कुंपणाच्या पलीकडच्या कडेला सरकली आणि एकमेकींत तोंडं खुपसून उभी राहिली.

“दमली असतील,” सारजाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मंजुरीच्या रांगेत म्हाळूची शिफारस आली. उज्ज्वलाने ती उघडली तेव्हा म्हाळू समोर बाजेवर पडून छताकडे बघत होता आणि त्याचा मोबाइल कोनाड्यात चार्जिंगला होता. पाणी गोड आहे. जनावर पोटभर पितं. मी जाऊन आलो. फोटोत पलीकडच्या काठावर तीन माणसं होती, तिघंही पाठमोरी. म्हाळू त्यात नव्हता.

क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग लक्षात आलं, की बबनराव तरी स्वतःच्या फोटोत कुठे होते? ते सिदूच्या फोटोत दिसले. सिदू हरिओमच्या फोटोत दिसला. म्हाळू पलीकडे आहे की नाही, हे त्याच्या फोटोवरून कळणारच नव्हतं. ते कळायचं तर त्याच्यानंतर कुणीतरी तिथे जायला हवं होतं.

आणि जायची वाट तर तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती.

पुढचे चार दिवस ती भावावर पाळत ठेवून होती. त्याला सगळं आठवायचं. बापाच्या पागोट्याचा रंग, शाळेतल्या मारामाऱ्या, उज्ज्वलाने एकदा चोरून दिलेले चिक्कीचे तुकडे. ती खोदून खोदून विचारायची, तो हसत उत्तर द्यायचा, आणि एकही उत्तर चुकायचं नाही. तरी तिच्या जिवाला थारा नव्हता. तो समोर बसला की तिला मेंढरांची आठवण यायची. मोबाइलवर एक बटण होतं. ते दाबलं की पोस्टी पुन्हा ग्रुपवर दिसल्या असत्या, आणि तहानलेलं कुणीतरी तिकडे वळलं असतं. दिवसातून दहादा तिचं बोट तिथवर जायचं. एवढी हलकी आपण कधी झालो, याची तिला लाज वाटायची.

पाचव्या दिवशी संध्याकाळी जावेद दुकानात आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. उद्या स्पेअर पार्ट आणायला तो कड्याला जाणारच होता. गाडी काढून वर डोंगरात जाईल, डोळ्यांनी बघेल, तळं आहे की नाही ते कळेल. नियमही हेच सांगतो, म्हणाला. आपण ॲडमिन, आपणच पाहिलेलं नाही.

उज्ज्वलाच्या जिभेवर आलं होतं, जाऊ नका. जावेदच्या घरी रुकसाना होती, दोन मुली होत्या. थोरली रोज शाळेतून येताना दुकानात डोकावून कोरा कागद मागून न्यायची.

“जावेदभाई,” ती म्हणाली, आणि थांबली.

तो वाट बघत होता.

“फोटो काढा. पलीकडच्या काठाचा.”

तो हसला. “तुमी बी ना, ताई. रुकसानाला सांगा, रात्री जेवायला घरीच हाय मी.”

सकाळी नऊला त्याची गाडी गेली. आवाज पार वळणापर्यंत येत होता. अजून फोन करता आला असता. दहालाही करता आला असता. बारा वाजता तिने नंबर काढला आणि मोबाइल पालथा घातला. तिला जाणून घ्यायचं होतं. त्यापुढे तिला काही दिसत नव्हतं.

चारला दुकान बंद करून ती घरी आली. म्हाळू वाड्यात मेंढरांच्या डोणीत पाणी ओतत होता. मेंढरं लांब उभी होती. ती उंबऱ्यात बसली.

पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाइल थरथरला.

मंजुरीच्या रांगेत एक पोस्ट. जावेदचं नाव.

पाणी गोड आहे. जनावर पोटभर पितं. मी जाऊन आलो.

जावेदकडे जनावर नव्हतं.

तिने फोटो मोठा केला. हिवराच्या बुडाशी सावली गोळा झालेली. पलीकडे चार माणसं. तिघं पाठमोरी.

चौथ्याचं तोंड इकडे होतं. अंगात निळा टी-शर्ट. पायाशी भुऱ्या. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरलेली, गाल आत ओढलेले. हाळी देताना ओढायचा तसे.

तिने मान वर केली.

वाड्यातल्या घंट्या थांबल्या होत्या. सगळ्या, एकदम. ऐंशीच्या ऐंशी मेंढरांनी माना उचलल्या होत्या आणि कान ताठ करून ती एकाच दिशेला बघत होती, कड्याकडच्या डोंगराकडे.

उज्ज्वलाला काही ऐकू येत नव्हतं.

म्हाळू डोणीत पाणी ओतत राहिला. त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं.