चार म्हणजे नेमके किती?

लिटरभर पाण्यात जवळजवळ किलोभर क्षार? मैथिलीने डोळे फाडून पुन्हा बघितलं. ढब्बू यंत्रमानवाने क्षाराचा पांढरा ढीग तोलून ठेवला होता आणि आता तो वांग्याच्या रोपाच्या पाण्यात ओतायला निघाला होता.

"अरे थांब! मी चारच सांगितले होते ना?"

"चारच आहेत," ढब्बू म्हणाला.

चंद्रावरच्या वसाहतीत वांग्याचं हे एकच रोप जगलं होतं. कॅल्शियम कमी पडून त्याची कोवळी पानं करपत चालली होती. अण्णाआजोबा फोनवर घाईघाईत म्हणाले होते, "कॅल्शियमचा क्षार लिटरला चार घाल, मी येतोच." चुकलं तर रोप हातचं जाणार! ढब्बू खोटं बोलत नाही, आजोबा चुकीचं सांगत नाहीत. मग घोळ आहे कुठे?

तेवढ्यात आजोबा धापा टाकत आले आणि ढीग बघून चक्क हसायला लागले. मैथिलीला भारी राग आला.

"अगं, हा गडी परवापर्यंत इंधनाच्या कारखान्यात होता. तिथे चार म्हणजे चार मोल. आम्ही रोपवाटिकेतले चार म्हणतो ते चार मिलिमोल. एकक, म्हणजे मोजायचं माप, बोलून दाखवायची आम्हाला सवयच नाही. चूक माझीच."

"मोल म्हणजे वजन का?"

"नाही गं, मोल म्हणजे कणांची मोजदाद. केळी डझनावर मोजतात, तसे पदार्थाचे कण मोलमध्ये. डझनात बारा, मोलमध्ये मात्र सहावर तेवीस शून्यं, साधारण इतके! डझनभर केळी जड, डझनभर लिंबं हलकी. मोलचंही तसंच. या क्षाराचा एक मोल भरतो २३६ ग्रॅम."

"आणि मिलिमोल?"

"मोलचा हजारावा भाग. त्याचाही हजारावा भाग मायक्रोमोल."

"म्हणजे चार मिलिमोलचे मोल करायला हजाराने भागायचं, ०.००४. मायक्रोमोल करायला हजाराने गुणायचं, चार हजार." मैथिली पुन्हा गडबडली. "पण मग क्षार वाढला की!"

"मीटरभर कापड सेंटिमीटरने मोजलं तर शंभर भरतं. कापड वाढलं का?"

"छे! माप लहान झालं म्हणून आकडा मोठा झाला." मैथिली ढब्बूकडे वळली. "लिटरला शून्य पॉइंट शून्य शून्य चार मोल."

ढब्बूने ढीग बाजूला सारला आणि जेमतेम चिमूटभर क्षार पुढे केला. एवढासाच? मैथिलीला धीर होईना. तिने २३६ला ०.००४ने गुणलं. एक ग्रॅमलाही थोडं कमीच. मग तिने स्वतःच्या हाताने तो पाण्यात विरघळवला.

करपलेली पानं काही सुधारली नाहीत. पण आठवड्याभरात शेंड्याला नवं पान आलं, अगदी कडेपर्यंत हिरवंगार. मैथिलीने आनंदाने उडीच मारली आणि चंद्रावर असल्यामुळे ती चांगली उंच गेली.

"वांगी धरली की याचं बी मंगळावर पाठवू," आजोबा म्हणाले. "तिथल्या लोकांना क्षाराचं प्रमाण तू कळव."

"त्यांच्याकडे कुठलं माप चालतं?"

"कुणाला ठाऊक!"

"मग तिन्ही मापांत कळवते," मैथिली म्हणाली.