चौथ्या दिवशी थांबलेला कडूपणा

"माझ्या दिरानेच नवऱ्याला खोट्या गोळ्या आणून दिल्या," असं म्हणून ती बाई खुर्चीवर बसायच्या आधीच रडू लागली.

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या खासगी तपास करत, आणि त्यांची गाडी चालवणारे भाऊजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, स्वतःला निम्मे गुप्तहेर समजत. दिरावरचा आरोप ऐकून त्यांचे कान तापले.

नवरा चहाच्या कंपनीत चव पारखणारा. छातीत जंतुसंसर्ग झाला म्हणून सात दिवसांची अँटिबायोटिक सुरू होती. पहिले तीन दिवस मळमळ, तोंड कडू, जेवण गंजक्या खिळ्यासारखं लागायचं. पण ताप उतरला. चौथ्या दिवशी दिराने आणलेली पट्टी सुरू झाली आणि सगळा त्रास थांबला. सहाव्या दिवशी ताप परत आला.

"काल तर सुपात मीठ कमी आहे म्हणाले! खरी गोळी असती तर चव कळली असती का?"

"गोळी तुमच्यासमोर घेतात?"

"तोंडात टाकतात, पाण्याचा घोट घेतात. मी बघते ना!"

बाईच्या घरी तिचा नवरा उशीला टेकून बसला होता. शेजारी चहाचे सहा कप, खाली थुंकायचं भांडं. सोमवारी कंपनीत मोठी पारख होती, म्हणून तापातही सराव चालू होता.

दाराशी त्याचा धाकटा भाऊ उभा होता, चेहरा पडलेला. "पहिली पट्टी आमच्या वहिनीने आणली, त्याच दुकानातून आणली हो मी," तो म्हणाला.

वहिनींनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरल्या. छापलेले बॅचचे आकडे तंतोतंत सारखे होते. गोळ्या पिवळ्या होत्या.

"मग दुकानदारच चोर!" भाऊजी म्हणाले.

"पहिल्या तीन गोळ्यांनी ताप उतरला, भाऊजी. दुसरी पट्टी त्याच खोक्यातली आहे." त्या बाईकडे वळल्या. "हे भांडं कोण धुतं?"

"हेच. उठवत नाही, तरी मला हात लावू देत नाहीत."

वहिनींनी भांडं तिरकं केलं. तळाशी पिवळट चिखल होता.

"चहा पिवळा चिखल सोडत नाही," त्या म्हणाल्या. "घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा. हे बावीस वर्षं करणारा माणूस थुंकला, तर घरात कोणाची मान वळणार? गोळ्या खऱ्या होत्या, बाई. त्या पोटात गेल्याच नाहीत."

भाऊजींना स्वतःची लाज वाटली. भांडं त्यांनीही पाहिलं होतं.

आजाऱ्याचे डोळे भरून आले. "ही जीभ घर चालवते. सोमवारी चुकलो तर कोण ठेवणार मला? धाकट्यावर बालंट येईल असं वाटलं नव्हतं."

"मग काल मी यांना बोलत होते तेव्हा का नाही बोललात?" बायकोचा आवाज चिरकला. ती धाकट्या दिराकडे वळली. "आणि भाऊजी, मी तुम्हाला काय काय बोलले!"

"ते नंतर," धाकटा म्हणाला. "आधी डॉक्टरांना फोन करू."

डॉक्टरांनी आधी झापलं, मग धीर दिला. गोळी जेवल्यावर घ्यायची, उद्या तपासायला यायचं, औषध संपलं की चव परत येईल. कंपनीला चिठ्ठी ते स्वतः देणार होते.

जेवण झालं. गोळी गिळून त्याने लहान मुलासारखा आ करून दाखवला. अर्ध्या तासाने त्याचं तोंड वाकडं झालं.

"शी! काय कडू आहे!"

बायको रडता रडता हसली. तीन दिवसांत इतकं चांगलं तिने काही ऐकलं नव्हतं.