अवयवांची यादी

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या स्मृतिकोठारात निनाद घैसास एकटा राहत होता. माणसांची सगळी दफ्तरं कोरलेल्या काचतबकड्या तिथल्या थंडीत जपून ठेवल्या होत्या. यांत्रिक हात त्या एकेक करून ड्राइव्हमध्ये घाली, संगणक वाचून तपासी आणि निनाद नुसता बघत बसे. अठरा महिन्यांची नेमणूक संपायला तीन आठवडे उरले असताना संगणकाच्या यादीतून तो ड्राइव्हच नाहीसा झाला.

ड्राइव्ह जागेवर होता, त्याचा दिवाही लागत होता. निनादने केबल बदलली, ड्राइव्ह काढून पुन्हा बसवला, संगणक बंद करून चालू केला. एवढं झालं की पुढचा उपाय म्हणजे देवाचं नाव. तेही त्याने घेतलं. यादी ढिम्म. त्याच्यानंतर कोठार माणसाविना चालायचं होतं, पण ड्राइव्ह दिसत नसेल तर त्यालाच थांबणं भाग होतं. पुढचं यान आणखी अठरा महिन्यांनी येणार होतं.

आणि त्याला घरी जायची घाई होती. केतकी, त्याची बायको, सुरुवातीला त्याच्याशी रोज बोलायची, मग आठवड्याने, आताशा सवड होईल तेव्हा. आणखी उशीर झाला तर घरी आपल्यावाचून काही अडणारच नाही, याची त्याला मनापासून भीती वाटत होती.

हा ‘देहभानी’ संगणक घडवणाऱ्या डॉ. इरावती गुर्जर यांनी पृथ्वीवरून समजावलं. या संगणकाला आपले भाग कोणते हे कुणी लिहून देत नाही. मेंदूसारखा तो आपल्या अवयवांची यादी स्वतःच करतो.

“मध्ये दोन महिने तपासणी बंद होती ना? तेवढ्यात ड्राइव्ह त्याला आपला वाटेनासा झाला. हात बांधून ठेवला की मेंदू त्याची जागा शेजारच्या अवयवांना देऊन टाकतो, तसंच हे.”

“म्हणजे दृष्टीआड सृष्टी,” निनाद म्हणाला.

उपाय लकवा झालेल्या माणसाचाच होता, सराव. यादीत नसलेल्या ड्राइव्हकडे यांत्रिक हात वळणार नव्हता, म्हणून निनादनेच रोज दोनशे वेळा तबकडी घालायची आणि काढायची. त्याची बोटं सुजली. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तो संगणकालाच रागावे. सतराव्या दिवशी ड्राइव्ह यादीत आला आणि निनादने त्याच क्षणी बॅग भरायला घेतली.

यान उतरायला दोन दिवस असताना त्याने यांत्रिक हाताला तबकडी घालायला लावली. ड्राइव्ह गायब. स्वतः घातली, तर हजर. तीनदा तेच झालं. मग त्याने यादी नीट वाचली. ड्राइव्हला जोडूनच एक बिननावाची नोंद होती, तापमान तेहेतीस अंश.

डॉक्टरांनी ती नोंद मागवून पाहिली. “घैसास, सरावाच्या दिवसांत ड्राइव्ह त्याला तुमच्या हाताशिवाय भेटलाच नाही. दोन्ही मिळून एकच अवयव आहे असं त्याने धरलंय.”

“मी गेलो तर?”

“तर तुमच्याबरोबर ड्राइव्हही जाईल.”

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. यान त्याच्याविना परतणार हे ठरलं. निनादने केतकीला लांबलचक निरोप पाठवला, माफी मागितली. तिने चिडावं, भांडावं, खात्याच्या नावाने बोटं मोडावीत, असं त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं.

“ठीक आहे रे. आधी कळवलंस ते बरं झालं. वर्षभर तुझ्या खोलीत मी शिवणाचा क्लास घेतेय, सहा मशिनं आहेत. ती कुठे हलवायची याचाच विचार चालला होता. तब्येतीला जप.”

निनादने ते दोनदा वाचलं. तिचं काही चुकलं नव्हतं. जागा शेजारच्यांना गेली होती, इतकंच. तो तसाच बसून राहिला. त्या दिवशी त्याने तबकडीला हात लावला नव्हता, आणि समोरच्या पडद्यावर सकाळपासून दर मिनिटाला एकच ओळ उमटत होती: एक अवयव सापडत नाही, शोध चालू आहे.