धुतलेली पाठ

“हात लावू नकोस माझ्या पाठीला!” सासू किंचाळली, आणि सुनेच्या हातातलं ओलं फडकं जागीच थिजलं...

अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या पाठीवर जखमा होऊ लागल्या होत्या. रोज पुसल्या नाहीत तर चिघळतील, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण सुनेच्या या हातांवर कोण विश्वास ठेवणार? डोंगराच्या पायथ्याची कोळशाची खाण कधीच बंद पडली, तिचा नियम मात्र वस्तीत अजून जिवंत होता: खाणीत उतरणाऱ्याची पाठ धुवायची नाही, पाठीवरची काजळी छत तोलून धरते! खाण चालू असताना एकदा छत कोसळलं आणि सुनेच्या नवऱ्याचं प्रेत वर आणलं, तेव्हा फाटक्या सदऱ्यातून त्याची लख्ख धुतलेली पाठ साऱ्यांना दिसली, अन् साऱ्या नजरा बायकोकडे वळल्या. तिने मान खाली घातली ती कायमचीच! नळावर तिची बादली आजही सर्वांत शेवटी लागे.

“आई, लहान मुलासारखं काय करता? नर्सबाई मला रागावतील.”

“जळो तुझी नर्सबाई! कुठल्या तोंडानं तुझ्याकडून पाठ धुवून घेऊ?” म्हातारीचा आवाज फुटला. “तापानं फणफणत होता गं तो... तू पाण्याला गेली होतीस. मीच धुतली त्याची पाठ! आणि बोल तुला लागू दिला...”

“माहीत आहे. दारातून पाहिलं होतं मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्यावर लेकाच्या मरणाचा ठपका आला असता, तर जगला असतात तुम्ही?” तिने फडकं पिळलं. “पण मी कुणी देवी नाही, आई. छताचे टेकू कुजले होते, हे मलाही ठाऊक होतं. तरी तुम्हाला ताट वाढताना रोज मनात यायचं, तुम्हीच मारलंत त्यांना! त्याचीच लाज वाटते...”

म्हातारी कितीतरी वेळ रडत राहिली. मग म्हणाली, “खिडकी उघड.”

बाहेर नळावर बायकांची झुंबड होती.

“ऐका गं भवान्यांनो! त्याची पाठ मी धुतली होती. मी, त्याच्या आईनं!”

कलकलाट थांबला. “मग इतकी वर्षं तोंडात बोळा होता काय?” शेजारीण फणकारली.

“होता! लाजेचा होता!”

सून शरमेने खिडकीकडे धावली. “आई, थंडी बाधेल...”

“राहू दे उघडी.” म्हातारीने कण्हत कूस बदलली आणि पाठीवरचं पांघरूण स्वतःच्या हाताने खाली सारलं. “बघू देत सगळ्यांना, माझी पाठ कोण धुतंय ते!”